वर्डप्रेसचा ॲडमिन सोपा कसा करावा: लहान संस्थेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

वाचनालयाच्या ग्रंथपालांना येत्या रविवारच्या व्याख्यानाची सूचना संकेतस्थळावर लावायची असते. त्यांना वर्डप्रेसचे, म्हणजे संकेतस्थळ ज्या प्रणालीवर चालते तिचे, लॉगिन दिले जाते आणि समोर ॲडमिन, म्हणजे संकेतस्थळ सांभाळण्याची आतली बाजू, उघडते. तिथे पोस्ट, माध्यमे, पाने, टिप्पण्या, रूपरंग, प्लगिन, सदस्य, साधने, सेटिंग्ज अशी रांग उभी राहते. मध्यभागी वर्डप्रेसच्या जगातील बातम्या दिसतात आणि वरच्या बाजूला कुठल्यातरी प्लगिनने (वर्डप्रेसला वरून जोडलेल्या सोयीने) सशुल्क आवृत्ती घेण्याचा आग्रह धरलेला असतो. व्याख्यान हा शब्द मात्र कुठेच दिसत नाही. चार-दोन वेळा असे झाले की सूचना पुन्हा फक्त व्हॉट्सॲपवर जाऊ लागते आणि संकेतस्थळावर दोन वर्षांपूर्वीचा दिवाळी अंकांचा कार्यक्रम तसाच राहतो.

तालुक्याच्या गावातील एखादे सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यताप्राप्त वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, आणि खालच्या वर्गांत सगळे काम बहुधा एखाद-दुसऱ्या माणसावर असते. शाळा, पतसंस्था, महिला मंडळ किंवा परदेशातील महाराष्ट्र मंडळ यांच्याकडेही परिस्थिती फारशी वेगळी नसते, त्यामुळे हे टप्पे तिथेही लागू पडतील. वर्डप्रेसची निवड त्याच्या गुणावगुणांमुळे नव्हे, तर अशा संस्थांकडे बहुतेक वेळा तेच आधीपासून असते म्हणून केली आहे.

काम सुरू करण्यापूर्वी जवळ काय हवे

- पूर्ण अधिकारांचे प्रशासक खाते, आणि होस्टिंगच्या (संकेतस्थळ जिथे ठेवले आहे त्या जागेच्या) फाइलींपर्यंत पोहोचण्याची सोय.
- फाइली आणि डेटाबेस या दोन्हींची ताजी प्रत. ती परत उभी करता येते याची खात्री आधीच करून घ्यावी.
- प्रयोगासाठी वेगळी प्रत. स्वतःच्या संगणकावर ‘लोकल’ हे मोफत साधन चालते, आणि झटपट काही तपासायचे असल्यास ब्राउझरमध्येच चालणारे ‘वर्डप्रेस प्लेग्राउंड’ पुरते.
- ‘युजर स्विचिंग’ हे प्लगिन. याने प्रशासकाला दुसऱ्या खात्यातून कसे दिसते ते पासवर्ड न मागता पाहता येते.
- संस्थेच्या सूचना फलकावर गेल्या काही महिन्यांत लागलेले खरे कागद: निमंत्रणपत्रिका, सुट्टीची सूचना, नवीन पुस्तकांची यादी.
- काय कोणी प्रकाशित करायचे याबद्दल कार्यकारिणीचा लेखी निर्णय. तो नसेल तर पुढे प्रत्येक बटणावर वाद होतो.

१. कामांची यादी करा, पडद्याची नव्हे

“संकेतस्थळावर तुम्हाला काय हवे?” असे विचारले तर उत्तरात इच्छा मिळतात. त्याऐवजी “गेल्या महिन्यात फलकावर काय काय लावले?” असे विचारावे, म्हणजे उत्तरात कामे मिळतात. प्रत्येक काम क्रियापदासह लिहावे: कार्यक्रमाची सूचना लावणे, कार्यक्रम झाल्यावर वृत्तान्त व छायाचित्रे टाकणे, नवीन पुस्तकांची यादी देणे, सुट्टी कळवणे. प्रत्येकासमोर ते आठवड्याचे, महिन्याचे की वर्षाचे ते नोंदवावे, आणि ते करणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहावे.

वर्षातून एकदा होणारी कामे, उदाहरणार्थ कार्यकारिणीची नावे बदलणे किंवा वार्षिक अहवाल चढवणे, रोज दिसणाऱ्या मेन्यूत ठेवू नयेत. ती प्रशासकाकडे राहू द्यावीत. सचिवांना हे सुरुवातीला आवडत नाही, पण वर्षातून एकदा करायची गोष्ट पुढच्या वर्षी कोणालाच आठवत नाही, आणि तोपर्यंत ती रोज सगळ्यांच्या वाटेत मात्र येत राहते.

२. पोस्ट आणि वर्गवारीऐवजी कामाच्या नावाच्या जागा तयार करा

“पोस्टमध्ये जा, नवीन लिहा, वर्गवारीत ‘कार्यक्रम’ निवडा” ही सूचना कागदावर छोटी दिसते. प्रत्यक्षात वर्गवारी निवडायची राहून जाते आणि कार्यक्रम भलत्याच पानावर उमटतो. वर्डप्रेसमध्ये स्वतःचे पोस्ट-प्रकार, म्हणजे मजकुराच्या वेगळ्या जागा, नोंदवता येतात. वाचनालयासाठी कार्यक्रम, सूचना आणि नवीन पुस्तके हे तीन पुरतात. प्रत्येकाची लेबले आपण ठरवू शकतो, त्यामुळे मेन्यूत “नवीन कार्यक्रम लिहा” असेच दिसते.

कार्यक्रमाची तारीख, वेळ, स्थळ आणि वक्ते यांसाठी स्वतंत्र रकाने द्यावेत. तारीख मजकुरात दडलेली असेल तर ती फक्त वाचकाला कळते. ती रकान्यात असेल तर झालेला कार्यक्रम संकेतस्थळ आपोआप “झालेले कार्यक्रम” या पानावर हलवू शकते आणि एक काम माणसाच्या डोक्यावरून उतरते. रकान्यांसाठी ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ किंवा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यातूनच वेगळे निघालेले ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ वापरता येते. रकाने कमीत कमी ठेवावेत, आणि तारखेशिवाय काहीही अनिवार्य करू नये, कारण वक्त्याचे नाव अनेकदा शेवटच्या क्षणी ठरते.

या टप्प्यावर चार गोष्टी अडवतात:

- पोस्ट-प्रकाराची नोंदणी थीमच्या (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या संचाच्या) फाइलमध्ये केली तर थीम बदलताच तीनही जागा मेन्यूतून नाहीशा होतात. नोंदणी स्वतःच्या लहानशा प्लगिनमध्ये करावी. ते ‘म्यू-प्लगिन्स’ या फोल्डरमध्ये ठेवले तर ॲडमिनमधून ते कोणाकडून चुकून बंदही होत नाही.
- पोस्ट-प्रकाराचे अंतर्गत नाव रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि २० अक्षरांच्या आत असावे लागते. ते एकदा ठरल्यावर बदलू नये. बदलल्यास जुना मजकूर डेटाबेसात असतो, पण कुठेही दिसत नाही.
- नोंदणीनंतर सेटिंग्जमधील कायमस्वरूपी दुव्यांच्या पानावर जाऊन एकदा ‘जतन करा’ दाबावे. ते राहिले तर कार्यक्रम प्रकाशित होतो, पण त्यावर क्लिक केल्यास “पान सापडले नाही” असे येते.
- ब्लॉक एडिटर (परिच्छेद, छायाचित्र असे तुकडे जोडून लिहिण्याचे पान) हवा असेल तर नोंदणीत ‘शो इन रेस्ट’ हा पर्याय चालू ठेवावा, अन्यथा जुना एडिटर उघडतो.

३. मेन्यू लपवू नका, अधिकार द्या किंवा देऊ नका

सोपेपणाचे बहुतेक काम याच टप्प्यात होते, आणि बहुतेक लोक इथेच चुकीच्या साधनाला हात घालतात.

मेन्यूतील ओळी नाहीशा करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला सीएसएसने (पानाचे दिसणे ठरवणाऱ्या कोडने) झाकण्याचा. दुसरा ‘रिमूव्ह मेन्यू पेज’ या फंक्शनने किंवा ‘ॲडमिनिमाइझ’सारख्या प्लगिनने मेन्यूतून ओळ काढण्याचा. तिसरा त्या खात्याला त्या कामाचा अधिकारच न देण्याचा. पहिल्या दोन्ही मार्गांनी पडद्यावर सारखेच दिसते, पण पडदा ओढल्याने दाराला कडी लागत नाही: पानाचा पत्ता थेट ब्राउझरमध्ये लिहिला की ते पान उघडते. शिवाय सीएसएसने झाकलेली गोष्ट वर्डप्रेसच्या पुढच्या अपडेटमध्ये नाव बदलून पुन्हा वर येऊ शकते.

वर्डप्रेसमध्ये प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता आणि सदस्य अशा पाच भूमिका तयार मिळतात. वाचनालयाला यांपैकी एकही नेमकी बसत नाही. योगदानकर्त्याला छायाचित्र चढवता येत नाही, म्हणून वृत्तान्त अर्धाच राहतो. लेखकाला फक्त स्वतःचे लिखाण बदलता येते, म्हणून ग्रंथपाल रजेवर असताना लिपिकाला त्यांच्या सूचनेतील चुकलेली वेळ दुरुस्त करता येत नाही. संपादकाला सगळी पाने बदलता आणि पुसता येतात, जे त्याला स्वतःलाही नको असते.

म्हणून ‘वाचनालय कर्मचारी’ अशी नवी भूमिका तयार करावी. ‘मेंबर्स’ किंवा ‘युजर रोल एडिटर’ या प्लगिनने ती कोड न लिहिता होते. तिला ॲडमिन पाहण्याचा मूळ अधिकार, फाइली चढवण्याचा अधिकार, आणि आपण तयार केलेल्या तीन जागांपुरते लिहिणे, प्रकाशित करणे व एकमेकांचे बदलणे इतकेच द्यावे. त्यासाठी पोस्ट-प्रकार नोंदवताना त्याला स्वतःचा अधिकारसंच द्यावा आणि ‘मॅप मेटा कॅप’ हा पर्याय चालू करावा.

याचा परिणाम फार सुखद असतो. ‘एडिट पोस्ट्स’ हा अधिकार नसल्यामुळे पोस्ट, टिप्पण्या आणि साधने या तिन्ही ओळी आपोआप जातात, आणि रूपरंग, प्लगिन, सदस्य व सेटिंग्ज तर मुळात दिसतच नाहीत. उरतात डॅशबोर्ड, माध्यमे, आपल्या तीन जागा आणि स्वतःची ओळख-माहिती. झाकण्यासाठी जवळजवळ काहीच उरत नाही, त्यामुळे पुढच्या अपडेटची धास्तीही राहत नाही.

इथले धोके सांगतो. स्वतंत्र अधिकारसंच दिल्याबरोबर त्या जागा प्रशासकालाही दिसेनाशा होतात, कारण नवे अधिकार त्यालाही वेगळे द्यावे लागतात. हे पाहून पुष्कळजण नोंदणीच चुकली असे समजून मागे फिरतात. दुसरे असे की भूमिका डेटाबेसात साठतात. कोडमधून अधिकाराची ओळ नुसती काढून टाकल्याने अधिकार जात नाही, तो स्पष्टपणे काढावा लागतो. तिसरे, माध्यम-संग्रहातील छायाचित्राचा तपशील नंतर बदलण्याचा हक्क ‘एडिट पोस्ट्स’शी जोडलेला आहे, म्हणून अंधांसाठीचे पर्यायी वर्णन छायाचित्र लावतानाच, त्या ब्लॉकच्या रकान्यात लिहिण्याची सवय लावावी.

आणि सगळ्यांना मिळून एकच खाते देऊ नये. दोन वेगळ्या खात्यांतून एकच सूचना उघडली तर वर्डप्रेस दुसऱ्याला सावध करते. खाते एकच असेल तर ते दोघांना एकच माणूस समजते आणि एकाचे लिखाण दुसऱ्याच्या खाली गडप होते.

४. लॉगिन झाल्यावर दिसणारे पहिले पान

वरची भूमिका दिल्यावर डॅशबोर्डवर ‘घडामोडी’ आणि वर्डप्रेसच्या बातम्या हे दोनच चौकोन उरतात. ते काढून तिथे आपला एक चौकोन ठेवावा: तीन मोठी बटणे आणि त्याखाली शेवटच्या पाच नोंदी, प्रत्येकीसमोर “बदला” असा दुवा. लोक नवे लिहिण्याइतक्याच वेळा काल लिहिलेल्यातील चूक सुधारायला येतात, म्हणून खालची यादी टाळू नये. बटणावरील अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतील तफावत किमान ४.५ ला १ असावी. तिन्ही बटणांना वेगवेगळे भडक रंग देण्याचा मोह होतो, पण त्याने फक्त गोंधळ वाढतो.

प्लगिनांच्या सूचना सरसकट बंद करू नयेत. ज्यांना सेटिंग्ज बदलण्याचा अधिकार नाही त्यांच्यापुरत्याच त्या बंद कराव्यात, नाहीतर सुरक्षा-अपडेटची सूचनाही प्रशासकापर्यंत पोहोचणार नाही.

५. लिहिण्याचे पान आवरा

२०१८ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये ब्लॉक एडिटर आहे. त्यावर नाराज असलेले लोक ‘क्लासिक एडिटर’ हे प्लगिन बसवतात. ज्यांचा हात त्यावर बसला आहे त्यांच्यासाठी मीही ते राहू देईन, पण नव्याने शिकणाऱ्याला ब्लॉक एडिटरच द्यावा, फक्त तो छाटून द्यावा.

‘अलाउड ब्लॉक टाइप्स ऑल’ या फिल्टरने (वर्डप्रेसचे वागणे कोडमधून बदलण्याच्या सोयीने) कोणते ब्लॉक दिसावेत हे ठरवता येते. सूचनेसाठी परिच्छेद आणि यादी, वृत्तान्तासाठी त्यांत उपशीर्षक, छायाचित्र आणि छायाचित्रांची मालिका एवढे पुरेसे आहे. यादीतील प्रत्येक ओळ हा आता वेगळा ब्लॉक असतो, म्हणून यादीबरोबर त्यालाही परवानगी द्यावी लागते. मालिकेच्या आतही छायाचित्राचेच ब्लॉक असतात, त्यामुळे मालिका ठेवून छायाचित्र वगळता येत नाही.

पोस्ट-प्रकाराला ठरलेला साचा देता येतो आणि त्याला कुलूपही लावता येते. ‘ऑल’ या कुलपात ब्लॉक हलवता, जोडता किंवा काढता येत नाहीत. ‘इन्सर्ट’ या कुलपात जागा बदलता येते, पण भर किंवा घट करता येत नाही. सूचनेला पहिले कुलूप योग्य ठरते. वृत्तान्ताला मात्र कुलूप लावू नये, कारण एका कार्यक्रमाला एक छायाचित्र असते आणि दुसऱ्याला वीस.

रंग आणि अक्षरांचे आकार हाताने निवडण्याची सोय थीमच्या ‘थीम.जेसन’ या फाइलमधून बंद करावी. लाल, जाड आणि मोठ्या अक्षरांतील “महत्त्वाची सूचना” सगळ्यांनाच प्रिय असते. सहा महिन्यांनी सगळे संकेतस्थळ तसे दिसू लागते.

५.४ आवृत्तीपासून एडिटर पूर्ण पडद्यावर उघडतो आणि डावीकडचा मेन्यू नाहीसा होतो. परत जाण्यासाठी डाव्या कोपऱ्यातील चिन्ह दाबायचे असते, पण ते बटण आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून लोक ब्राउझरच बंद करतात. प्रत्येक नव्या खात्यात ही पूर्ण पडद्याची पद्धत बंद करून द्यावी. ‘प्रकाशित करा’ दाबल्यावर पुन्हा एकदा होणारी विचारणा मात्र चालू ठेवावी. ती थोडी त्रासदायक आहे, पण अर्धवट सूचना गावभर जाण्यापेक्षा बरी.

६. मराठीसाठी घ्यायची वेगळी काळजी

४.७ आवृत्तीपासून प्रत्येक सदस्याला ॲडमिनची भाषा स्वतंत्रपणे निवडता येते. सगळ्यांवर मराठी लादू नये आणि इंग्रजीही लादू नये. फोन इंग्रजीत वापरणाऱ्या तरुण स्वयंसेवकाला ‘पब्लिश’ हे बटण चटकन सापडते, तर ग्रंथपालांना मराठी हवे असते. आपण तयार केलेल्या जागांची नावे दोघांनाही मराठीतच दिसतात.

पत्त्याची अडचण सर्वांत कमी लोकांना माहीत असते. शीर्षक देवनागरीत असले की वर्डप्रेस पानाचा पत्ता त्यावरूनच तयार करते आणि त्यासाठी २०० अक्षरांची जागा ठेवते. पण पत्त्यात वापरल्या जाणाऱ्या टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात एका देवनागरी चिन्हाला ९ जागा लागतात, आणि मात्रा, अनुस्वार व पायमोड्या ही प्रत्येकी वेगळी चिन्हे मोजली जातात. म्हणजे जेमतेम २२ चिन्हे मावतात. “दिवाळी अंक प्रदर्शन उद्घाटन” या शीर्षकाचा पत्ता चौथ्या शब्दाच्या मध्येच तुटतो. शिवाय तो व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. म्हणून प्लगिनमधूनच पत्ता तारीख आणि नोंदीचा क्रमांक यांवरून तयार करावा, आणि लिहिणाऱ्यांना त्या रकान्याकडे पाहण्याची वेळच येऊ देऊ नये.

छपाईसाठी ‘श्रीलिपी’ किंवा ‘आकृती’ या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेला जुना मजकूर इथे चिकटवला की रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. तो युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षर-पद्धतीत) रूपांतरित करूनच आणावा लागतो. वर्डमधून आणलेल्या मजकुराबरोबर तिथली सजावटही येते, म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या तीन कळा एकत्र दाबून चिकटवायला शिकवावे. ॲडमिनमधील बटणांवर वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जात असेल, तर ओळीची उंची थोडी वाढवावी.

७. चूक परत फिरवण्याची सोय दाखवून द्या

लोक बटण दाबायला घाबरतात, कारण काहीतरी पुसले जाईल अशी त्यांना धास्ती असते. म्हणून पहिल्याच बैठकीत एक नोंद मुद्दाम कचरापेटीत टाकून परत आणून दाखवावी. नोंद तिथे ३० दिवस राहते आणि पोस्ट-प्रकाराच्या नोंदणीत ‘रिव्हिजन्स’ची सोय दिलेली असेल तर प्रत्येक जतनाबरोबर मजकुराची आधीची आवृत्तीही साठते, हे डोळ्यांनी पाहिले की हात सैल होतो.

माध्यमांना मात्र हे लागू नाही. पुसलेले छायाचित्र मुळात कचरापेटीत जातच नाही, ते कायमचे जाते. ‘मीडिया ट्रॅश’ हा स्थिरांक वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये चालू केला तर माध्यमांनाही कचरापेटी मिळते, आणि हे काम खाती देण्याआधीच उरकावे. फोनवरची मोठी छायाचित्रे २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपर्यंत लहान करून वापरली जातात, पण मूळ फाइलही सर्व्हरवर राहते, त्यामुळे होस्टिंगची जागा कशाने भरली याचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

८. शेजारी बसून पाहा, बोट दाखवू नका

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली असे मांडले की पाच जणांबरोबर चाचणी केली तरी बहुतेक अडचणी दिसून येतात. आपल्याकडे एवढी माणसेच नसतात, तेव्हा जी दोन-तीन आहेत त्यांच्याबरोबर नीट करावी. काम त्यांच्या भाषेत सांगावे: “शनिवारी संध्याकाळी सहाला कथाकथन आहे, ते लावा.” त्यात ‘कार्यक्रम’ किंवा ‘नवीन’ हे बटणांवरचे शब्द वापरू नयेत, नाहीतर आपण उत्तर सांगूनच परीक्षा घेतो. मग गप्प बसावे. माउस जिथे थांबतो, जिथे ती व्यक्ती आपल्याकडे पाहते, ती जागा लिहून ठेवावी. “जमेल हो सवयीने” असे ती व्यक्ती म्हणाली तरी ती अडचण यादीतून काढू नये.

हीच चाचणी त्यांच्या स्वतःच्या फोनवरही करावी. छायाचित्रे फोनवरच असतात, म्हणून वृत्तान्ताचे काम पुष्कळदा तिथूनच होते, आणि लहान पडद्यावर तारखेचा रकाना मजकुराच्या खाली कुठेतरी जाऊन बसलेला आढळतो.

९. सोपवणे आणि पुढची देखभाल

एका पानाचा कागद द्यावा, त्यावर तीन कामे आणि प्रत्येकाच्या चार-पाच पायऱ्या. पडद्याची चित्रे छापण्यापूर्वी सगळी नावे पक्की झालेली असावीत. प्रशासक खाती दोन असावीत, दुसरे संस्थेच्या पदाधिकाऱ्याकडे, आणि ती खाती संस्थेच्या ईमेलवर उघडलेली असावीत, व्यक्तीच्या नव्हे. डोमेन आणि होस्टिंगची नूतनीकरणाची तारीख त्याच कागदाच्या मागे लिहावी.

वर्डप्रेसची मोठी आवृत्ती आली की ती आधी प्रयोगाच्या प्रतीवर बसवावी आणि ‘युजर स्विचिंग’ने कर्मचारी खात्यात जाऊन पाच गोष्टी पाहाव्यात: मेन्यूत नवी ओळ आली का, एक कार्यक्रम तारखेसह प्रकाशित होतो का, ब्लॉकच्या यादीत अनोळखी ब्लॉक घुसले का, छायाचित्र चढते का, आणि एकाने लिहिलेली सूचना दुसऱ्याला बदलता येते का. हे तपासून झाल्यावरच खऱ्या संकेतस्थळावर अपडेट करावे, आणि ते शक्यतो वाचनालयाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करू नये. त्या दिवशी काही बिघडले तर सांगायला जागेवर कोणीच नसते.